कॅफीन नसलेली शीतपेयं: इतिहास कुठून मोजायचा?

कडूगोड यांचा प्रश्न:

‘कॅफीन-फ्री’ कोला १९८० च्या दशकात आला असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. पण जिंजर एल, रूट बिअर, लेमनेड ही पेयं त्याच्या कितीतरी आधीची, आणि त्यांत कॅफीन नव्हतंच. मग या इतिहासाची सुरुवात कुठे धरायची? आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनात एक फलक आणि सोबत एक प्रात्यक्षिक ठेवायचं आहे, म्हणून पुढचं नीट समजून घ्यायचंय.

कोलात कॅफीन मुळात का असतं, चवीसाठी की दुसऱ्या कशासाठी? कॅफीन-फ्री करताना ते पेयातून काढतात की घालतच नाहीत? बाटली हातात घेतल्यावर कॅफीन आहे की नाही हे कशावरून कळतं? आणि मुलांसमोर करता येईल असा बिनकॅफीनचा कोला घरच्या साहित्यात होतो का? झाला तर प्रमाणासकट सांगा.

---

गोटीसोडा:

फलकाची सुरुवात १९८० पासून करू नका, चित्र उलटं होईल. शीतपेयांत बिनकॅफीनचं पेय हाच जुना आणि मोठा प्रवाह आहे. कॅफीन नंतर आलं, तेही कोलाच्या मार्गाने.

जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये लीड्सला दारूच्या भट्टीतल्या आंबणाऱ्या पिंपांवर पाणी धरून त्यात कार्बन डायऑक्साइड मुरवला आणि १७७२ मध्ये त्याची कृती छापली. याकोब श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला. पुढची शंभर वर्षं सोडा म्हणजे वायू भरलेलं पाणी, त्यात कधी लिंबू, कधी आलं, कधी फळाचा पाक. कॅफीनचा संबंध नाही. आपल्याकडचा गोटी सोडाही याच घराण्यातला. हायरम कॉड याचं बाटलीचं पेटंट १८७२ चं. बाटली उलटी धरून भरायची. सुलटी केली की आतल्या वायूचा दाब काचेची गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. बूच नाही, तार नाही. मुंबईतलं पालनजी (१८६५), पुण्यातलं अर्देशीर (१८८४), मुंबईतलंच ड्यूक्स (१८८९) ही पारशी सोडावाल्यांची नावं याच काळातली. इराणी हॉटेलातल्या लालभडक रास्पबेरी सोड्यातही कॅफीन नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स याने १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनात आपली रूट बिअर लोकांपुढे आणली. तो मुळं-सालींचं मिश्रण पुडीत विकायचा: २५ सेंटची पुडी, त्यात पाच गॅलन म्हणजे साधारण १९ लिटर पेय घरी व्हायचं. साखर आणि यीस्ट घालून बाटल्या बंद करायच्या, वायू आंबण्यातून तयार होई. दारूला पर्याय म्हणून त्याची जाहिरात होत असताना १८९५ मध्ये दारूबंदीवाल्या महिलांच्या संघटनेने, नावात ‘बिअर’ आहे आणि पेय आंबवलेलं आहे म्हणून, त्यावर बहिष्कार टाकला. १८९८ मध्ये प्रयोगशाळेची तपासणी पुढे आली: त्यातला मद्यांश अर्ध्या पावरोटीत असतो तेवढाच निघाला, आणि बहिष्कार मागे घेतला गेला. लोकांना तेव्हा काळजी होती ती मद्यार्काची. कॅफीनकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ते लक्ष वेधलं एका खटल्याने, आणि फलकावर त्याला भरपूर जागा द्यावी असं मला वाटतं. कोका-कोला १८८६ चा, अटलांटाचा. ऑक्टोबर १९०९ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाला चाललेला पाकाचा माल, ४० बॅरल आणि २० केग (लहान पिंपं), सरकारने जप्त केला. यामागे होते सरकारी रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली. आरोप दोन: ‘कॅफीन हा बाहेरून घातलेला अपायकारक घटक आहे’, आणि ‘नावात कोका आणि कोला असून पेयात ते जवळजवळ नाहीत’ (कोका म्हणजे कोकाची पानं, कोला म्हणजे कोलाचं बी). तेव्हा एका ग्लासाच्या पाकात सुमारे १.२ ग्रेन, म्हणजे ७८ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन होतं. आजच्या ३५५ मिली डब्यात ३४ मिलिग्रॅम असतं. ग्लास लहान असून कॅफीन दुपटीहून जास्त!

कंपनीच्या बाजूने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १६ जणांवर ४० दिवस प्रयोग केले. कॅफीनच्या कुप्या आणि निव्वळ साखरेच्या कुप्या, कुणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. कॅफीनच्या अभ्यासातलं हे फार शिस्तीचं काम आहे. मार्च १९११ मध्ये खटला चालला आणि कंपनी जिंकली, पण ती विज्ञानावर नव्हे तर शब्दावर: कॅफीन मूळ कृतीचाच भाग आहे, सबब ‘घातलेलं’ नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि खटला खाली पाठवला. १९१७ मध्ये कंपनीने कॅफीन निम्म्यावर आणून प्रकरण मिटवलं. कोलातलं आजचं प्रमाण त्या तडजोडीच्या आसपासचं आहे.

---

पाकपंडित:

वरच्यात १९८० चा भाग जोडतो, कारण ‘कॅफीन-फ्री’ हे शब्द डब्यावर तेव्हाच आले आणि त्याला एक नियम कारणीभूत आहे.

१९६६ च्या अमेरिकी मानकानुसार नावात ‘कोला’ किंवा ‘पेपर’ (इंग्रजीत मिरी, जसं ‘डॉ. पेपर’) असलेल्या सोड्यात कॅफीन असणं बंधनकारक होतं, वजनाच्या ०.०२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे कॅफीन वगळलं तर कोला हे नावच लावता येईना. १९८० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत पिल्लांत जन्मजात दोष दिसले, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांना कॅफीन टाळण्याचा किंवा कमी करण्याचा सल्ला दिला, आणि ते सरसकट सुरक्षित मानलेल्या पदार्थांच्या यादीतून काढण्याचा प्रस्तावही मांडला. प्रस्ताव पुढे तडीस गेला नाही, पण बाजार हलला.

रॉयल क्राउनने १९८० मध्ये ‘आरसी १००’ हा साखर आणि कॅफीन दोन्ही नसलेला कोला काढला. सेव्हन-अप १९२९ पासून बिनकॅफीनचंच होतं (सुरुवातीला त्यात लिथियम सायट्रेट असे, ते १९४८ पर्यंत). १९८२ मध्ये त्यांनी ‘कधी नव्हतं, कधी नसेल’ अशी जाहिरात करून कोलावाल्यांच्या वर्मावरच बोट ठेवलं. शिवाय ‘लाइक’ नावाचा स्वतःचा कोलाही काढला. त्याच वर्षी ‘पेप्सी फ्री’ आला, १९८३ मध्ये कोका-कोलाने कोक, डाएट कोक आणि टॅब (त्यांचाच बिनसाखरेचा कोला) या तिन्हींचे कॅफीन-फ्री प्रकार आणले. १९८७ मध्ये ‘पेप्सी फ्री’चं नाव सरळ ‘कॅफीन-फ्री पेप्सी’ झालं; ‘फ्री’ म्हणजे कशापासून मुक्त हे आधीच्या नावावरून कळत नव्हतं. उलट्या बाजूने १९८५ मध्ये ‘जोल्ट’ आला, दुप्पट कॅफीनची जाहिरात करत. ०.०२ टक्के म्हणजे ३५५ मिलीला सुमारे ७१ मिलिग्रॅम. जोल्ट त्याच रेषेला टेकून बसला होता.

आता ‘काढतात की घालत नाहीत’. कॉफी आणि कोला यांत इथे मोठा फरक आहे. कॉफीच्या बीमध्ये कॅफीन निसर्गतः असतं, ते द्रावकाने, पाण्याने किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने ओढून काढावं लागतं आणि थोडं मागे राहतंच. कोलात ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात वेगळं घातलेलं असतं. त्यामुळे कॅफीन-फ्री कोला म्हणजे बहुतांशी ती भुकटी वगळलेला कोला. गंमत अशी की डीकॅफ कॉफीतून निघालेलं कॅफीन शुद्ध करून शीतपेयवाल्यांनाच विकलं जातं. कॉफीचा कचरा नाही, जोडउत्पन्न आहे ते.

कारखान्यात पाक करताना क्रम महत्त्वाचा. आधी साखरेचा गाळलेला पाक, मग पाण्यात पूर्ण विरघळवलेलं सोडियम बेन्झोएट, ते मिसळल्यावरच आम्ल, शेवटी स्वाद. आम्ल आधी पडलं आणि त्यावर बेन्झोएट ओतलं तर बेन्झोइक आम्लाचे पांढरे कण बसतात, पुन्हा सहजी विरघळत नाहीत आणि टिकाऊपणा जातो. तयार पाक एक भाग, पाणी साधारण पाच भाग, आणि त्यात साडेतीन ते चार पट आकारमानाचा वायू. कॅफीनचा टिकाऊपणाशी काही संबंध नाही; ते काम आम्ल आणि बेन्झोएटचं. कॅफीन-फ्री बाटली लवकर खराब होते हा समज चुकीचा आहे.

चूक होते ती एकाच यंत्रावर दोन्ही माल भरताना. साध्या कोलात लिटरला सुमारे ९६ मिलिग्रॅम कॅफीन धरा. नळ्या आणि टाकीत आधीच्या मालाचा एक टक्का राहिला तर पुढच्या मालात लिटरला एक मिलिग्रॅम येतं. म्हणून अदलाबदलीच्या वेळी सगळी वाट धुऊन काढतात. हॉटेलातल्या नळाच्या कोलात धोका जास्त: पाकाची पिशवी चुकीच्या नळीला जोडली गेली तर चवीवरून कुणालाच कळत नाही.

---

तळटीप:

‘चवीवरून कळत नाही’ याला आधार आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००० साली २५ प्रौढांना साखर घातलेला कोला कॅफीनसह आणि कॅफीनशिवाय चाखायला दिला. कोलात असतं त्या तीव्रतेला, म्हणजे मिलीला ०.१ मिलिग्रॅम, फक्त ८ टक्के जणांना फरक ओळखता आला. कॅफीन चवीसाठी घालतो या कंपन्यांच्या म्हणण्याला त्यांनी यावरून हरकत घेतली. कॅफीन कडू असतं हे खरं, पण साखर आणि आम्लाखाली इतक्या कमी प्रमाणात ते बुडून जातं. जिभेला झोंबतं ते फॉस्फोरिक आम्ल आणि वायू.

ओळखायचं कसं, तर फक्त लेबल वाचून. रंग उपयोगाचा नाही: माउंटन ड्यू पिवळसर आहे आणि अमेरिकेत त्याच्या ३५५ मिलीत ५४ मिलिग्रॅम कॅफीन असतं, कोकपेक्षा जास्त. तिथल्या डाएट कोकमध्ये ४६. रूट बिअर सहसा बिनकॅफीनची, पण बार्क्सच्या रूट बिअरमध्ये असतं. संत्र्याच्या स्वादाच्या पेयांतही सनकिस्टमध्ये आहे, फँटामध्ये नाही. एकाच प्रकारच्या पेयाचं एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरं असू शकतं, तेव्हा हातातल्या बाटलीचंच लेबल पाहा.

भारतात शीतपेयात कॅफीन घातलं तर ‘कॅफीन आहे’ असं लेबलवर लिहावं लागतं. साध्या कार्बोनेटेड पेयात मर्यादा लिटरला १४५ मिलिग्रॅम. त्याच्या वर ३०० पर्यंत गेलं तर ते ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ या वर्गात जातं, आणि त्यावर मुलं, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी नाही असा इशारा छापणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीत आणखी चार शब्द शोधा: ग्वाराना, कोला नट, चहाचा अर्क, येर्बा माते. यांतलं काहीही असलं की कॅफीन आलंच. १५०डी हा कॅरमेल रंग, ३३८ फॉस्फोरिक आम्ल, ३३० सायट्रिक आम्ल, २११ बेन्झोएट. यांचा कॅफीनशी संबंध नाही. टॉनिक वॉटर कडू लागतं ते क्विनाइनमुळे, त्यातही कॅफीन नाही.

गोटीसोडा यांच्या उत्तराला एक पुरवणी. हायर्सच्या काळच्या रूट बिअरचा मुख्य स्वाद ससाफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीचा. तिच्या तेलातलं सॅफ्रोल यकृताला घातक ठरलं म्हणून १९६० मध्ये अमेरिकेत अन्नात त्यावर बंदी आली. जुन्या कृती शोधून मुलांसमोर करून दाखवायचा विचार असेल तर ही वगळा. यीस्टच्या बाटल्याही नकोत, दाब किती चढला हे बाहेरून दिसत नाही आणि काच फुटते.

---

कडूगोड:

तिघांचेही मनापासून आभार. चॅटनूगाचा खटला फलकाच्या मधोमध घेते. त्यातल्या ‘घातलेलं’ या शब्दाची लढाई मुलांना नक्की समजेल. प्रात्यक्षिकाची कृती कुणी देईल का? गॅस पेटवायची परवानगी नाही, पाक घरून करून न्यावा लागेल.

---

पाकपंडित:

पाक घरी, मिसळणं तिथे. हे प्रमाण ग्लासाला ३० मिली पाक धरून २२-२३ ग्लासांचं आहे.

साखर ५०० ग्रॅम, आणि रंगासाठी वेगळी ५० ग्रॅम. पाणी ४०० मिली. दोन संत्री आणि तीन लिंबं यांची फक्त रंगीत साल, किसणीने हलक्या हाताने काढलेली. दालचिनीचा ५ सेंमी तुकडा, अर्धा चमचा धणे, आल्याच्या चार पातळ चकत्या, जायफळ अगदी चिमूटभर. सायट्रिक आम्ल ८ ग्रॅम, हे काट्यावर मोजा, चमच्याने नको. व्हॅनिला अर्क एक चहाचा चमचा.

आधी रंग. जाड बुडाच्या भांड्यात ५० ग्रॅम साखर कोरडीच मंद आचेवर वितळवा. सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी. पहिला धूर दिसला की लगेच आच बंद. लांब दांड्याच्या डावाने ५० मिली गरम पाणी थोडं थोडं घाला. ते जोरात उसळतं, म्हणून चेहरा लांब आणि भांडं खोल हवं. तांबूस असतानाच थांबलात तर कोला चहासारखा दिसेल. काळा पडू दिलात तर जळकट कडू लागेल.

मग ४०० मिली पाण्यात दालचिनी, धणे, आलं, जायफळ घालून झाकण ठेवून दहा मिनिटं मंद उकळा. आच बंद केल्यावरच साली टाका आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. साली उकळल्या तर वास उडून जातो आणि सालीच्या आतला पांढरा भाग कडवटपणा सोडतो. सगळ्यात जास्त पाक याच पायरीला बिघडतो. पातळ मलमलीतून दोनदा गाळा, कापड पिळू नका. गाळलेल्या कोमट पाण्यात साखर विरघळवा, मग सायट्रिक आम्ल, मग कॅरमेल, आणि पूर्ण गार झाल्यावर व्हॅनिला. साधारण ७०० मिली पाक होतो. फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, बाहेर ठेवला तर आंबायला लागतो.

ग्लासात ३० मिली पाक, वर १८० मिली साधा सोडा. यात १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे बाजारच्या कोलाच्या जवळपास. सोड्याच्या बाटलीवर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असेल तर ते आम्ल खाऊन टाकतं आणि पेय मिळमिळीत लागतं. तेव्हा आम्ल ८ ऐवजी १० ग्रॅम घ्या. फॉस्फोरिक आम्लाची तीच झोंब सायट्रिकला येत नाही, चव थोडी लिंबाकडे झुकते, हे आधीच सांगून ठेवा.

---

कडूगोड:

छोट्या प्रमाणात करून पाहिलं. चव जमली, पण सोडा ओतताना अर्धा ग्लास फेसच झाला आणि वायू निघून गेला. काय चुकलं असेल?

---

तळटीप:

तीन गोष्टी तपासा. सोडा किती गार होता? एका वातावरणाच्या दाबाला शून्य अंशाला पाणी आपल्या आकारमानाच्या १.७ पट कार्बन डायऑक्साइड धरतं, २५ अंशाला जेमतेम पाऊण पट. बाटलीत तो साडेतीन ते चार पट कोंडलेला असतो. म्हणजे बूच उघडल्यावर वायू जाणारच; गार असला तर हळूहळू जातो, कोमट असला तर एकदम उसळतो. बाटल्या बर्फाच्या पाण्यात किमान तासभर ठेवा आणि पाकही गारच वापरा.

दुसरं, कण. सालीचा कीस किंवा न विरघळलेले साखरेचे दाणे राहिले की प्रत्येक कणावर बुडबुडे जमतात. पाक उजेडात धरून पाहा. गढूळ दिसला तर पुन्हा गाळा. ग्लास पुसताना कापडाचे धागे आत राहिले तरी हेच होतं, तेव्हा ग्लास धुऊन पालथे घाला, पुसू नका.

तिसरं, क्रम. पाक आधी तळाला, मग ग्लास तिरका धरून सोडा कडेने सोडायचा, आणि लांब चमच्याने खालून वर एकदाच फिरवायचं. आधी सोडा आणि वरून पाक असं केलंत तर जड पाक खाली जाताना सगळा वायू ढवळून काढतो. तुमचं यातलंच काहीतरी चुकलं असणार.

---

कडूगोड:

क्रम उलटा होता आणि सोडा फक्त माठातल्या पाण्याइतका गार होता. आता बर्फात ठेवून, पाक तळाला घालून पुन्हा केलं. बोटभर फेस आला आणि लगेच बसला.